काका, काकीचं उत्तर राहिलंय

काका, तुम्ही गेलात तरी तुमचा टीव्ही बंद झालेला नाही. चालूच असतो. फक्त त्याच्यावर काही दिसत नाही. निळा पडदा आणि 'सिग्नल नाही' अशी एक पाटी. ती पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आपटत फिरत असते, घरात शिरलेल्या चिमणीसारखी. काकी तिच्यासमोर बसून भाजी निवडते. परवा मी बोललो, "काकी, बंद करू काय?" तर बोलली, "रवांदे. तेवढीच एक फिरतेय घरात."

चाळीच्या फळ्यावर तुमच्याबद्दल लिहिलंय. मनमिळाऊ, प्रेमळ, परोपकारी. मला वाटतं हे तीन शब्द गेल्या वेळच्या माणसाचे पुसायचे राहिले आणि नुसतं नाव बदललं. तुमची जन्मतारीख पण टाकलीय, ती चुकलेली आहे असं काकी बोलते. खरी कुठली ते तिलाही माहीत नाही. मी त्यातलं काहीच लिहीत नाहीये. मला तुमच्याशी एका कामाचं बोलायचंय.

काकीने मला काम लावलंय.

त्या रविवारचं तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मी नव्हतो म्हणून मला जसं कळलं तसं सांगतो. दुपारी तुम्ही गच्चीवर छत्री फिरवत होतात. पावसाची नाही, आपली टीव्हीची छत्री, फुकटवाली. काकी खाली खोलीत टीव्हीसमोर. तुम्ही कठड्यावरून वाकून नेहमीसारखे ओरडलात, "इली काय गो?" आमच्या मालवणीत आली म्हणजे इली. काकी गप्प. परत ओरडलात. गप्प. तिसऱ्यांदा पण गप्प. रुसली होती ना तुमच्यावर. मग तुम्ही खाली आलात, बोललात, "रवांदे, उद्या बघूया." चहा प्यायलात, शेजारच्या बेबीताईला तिच्या नव्या चष्म्यावरून चिडवलंत, जेवलात, झोपलात. सकाळी उठलाच नाहीत.

डॉक्टर बोलले, हार्ट. छत्रीचा, उन्हाचा, रुसव्याचा काही संबंध नाही. काकीला ते पटलंय. तिचं दुखणं वेगळंच आहे.

"गेले ते गेले रे," मला बोलली, "पण विचारत विचारत गेले. माणूस वरनं विचारतंय आणि मी खाली मुकी बसलंय. दिगू, तू त्यांचो आवाज काढतस ना? वर जा. छत्री फिरव. आणि एकदा तसाच विचार. माका उत्तर देऊचा हा."

आता बोला. तुमची हरकत मला तोंडपाठ आहे. यावरूनच तर आपलं भांडण झालं होतं, आणि ते मिटलेलं नाही. म्हणून काकीला "बघतो" बोललोय आणि आधी तुमच्याकडे आलोय.

भांडणाचं नंतर. आधी मला जरा गोड बोलू द्या, नाहीतर तुम्ही बोलाल, मेला नुसता भांडूक इलो.

मी कुडाळवरनं करी रोडला आलो तेव्हा माझ्याकडे एक बॅग होती आणि एकच पदवी. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून आख्खा वर्ग लवकर सोडला होता, ती. दिवसा मोबाईल कव्हरच्या दुकानात उभं राहायचं, संध्याकाळी कुठे मिमिक्री मिळाली तर करायची. राहायला आपल्या चाळीतली गावाची खोली, आपल्याच गावच्या पोरांनी मिळून ठेवलेली, एकावर एक झोपायची. आणि जेवायला तुमच्याकडे. पहिल्या संध्याकाळी मी ताट कधी येतं म्हणून बसलो होतो, आणि वरनं कुठूनतरी आकाशवाणी झाली, "इली काय गो?"

मी घाबरून काकीकडे बघितलं. काकी टीव्हीकडे बघत पुटपुटली, "तोंडाचे ठोकळे झालेत." टीव्हीतल्या बाईच्या तोंडाचे. मग मला बोलली, "उभो ऱ्हव जिन्यात, आणि वर सांग, ठोकळे झालेत म्हणान. माझो आवाज पोचणा नाय."

मी जिन्यात गेलो. आता नुसतं सांगायचं तर कुणीपण सांगेल. मी काकीच्या आवाजात सांगितलं. "अवो, ठोकळे झालेत!" आणि तुम्ही वरनं धावत खाली. एका पायात चप्पल. "गो, जिन्यात कित्याक इलंस? गुडघो काय म्हणता?" आणि जिन्यात काकी नाहीच, तिथे मी. मला वाटलं, झालं, जेवण गेलं. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि मग जे हसायला लागलात ते कठडा धरून खाली बसलात. त्या दिवसापासून माझी नेमणूक झाली. छत्री फिरवायची वेळ आली की तुम्ही वर, काकी खाली, मी मधे जिन्यात. काकीचं वर सांगायचं काकीच्या आवाजात, तुमचं खाली सांगायचं तुमच्या आवाजात. तुमचा आवाज मिलमधे मशीनवर मात करून शिकलेला, एरवी भायखळ्यापर्यंत गेला असता, पण समोरच्या टॉवरचं काम सुरू झालं आणि त्या खडखडाटापुढे तोही थकायला लागला. तर खाली काकीला ऐकू यायचा तो तुमचा आवाज अर्ध्याहून जास्त वेळा माझ्या तोंडचा असायचा. म्हणून तर आता ती माझ्याकडेच मागते.

मी तुम्हाला एकदा बोललो होतो, "काका, खिशात मोबाईल आहे. काकीला फोन करा ना वरनं. ओरडायचं कशाला?"

तुम्ही बोललात, "फोन केलो तर तिकाच कळतला. ओरडलो की चाळीक कळता, आज टीव्ही हा म्हणान."

मला तेव्हा कळलं की ती आरोळी म्हणजे आमंत्रण होतं. आणि खरंच, "इली!" असं उत्तर गेलं की पाठोपाठ माणसं यायची. बेबीताई लसूण सोलायला घेऊन यायची. तिच्याकडे केबल होती, पण पॅकेज निवडायची भानगड सुरू झाल्यावर तिने ती काढून टाकली. "वाण्याकडे सामान निवडते ते पुरे, आता बातम्या पण निवडून घेऊ?" असं तिचं म्हणणं. तिसऱ्या माळ्यावरची पोरं यायची, गावाच्या खोलीतले आम्ही यायचो. खोली ती केवढी. बसलेला माणूस उठला की दुसऱ्याने त्याच्या जागी पाय पसरायचा, असा नियम होता. आणि दार उघडं. तुमचं ठाम मत होतं, "फुकट मिळता तां दार लावून बघूचा नाय."

एकदाच काय तो खर्च केला, छत्री आणि डबा आणला, मग महिन्याला दमडी नाही. यात तुम्हाला जो अभिमान होता ना काका, तो टॉवरमधल्या माणसाला त्याच्या गाडीचा नसेल. टॉवरवरून आठवलं. तो वाढत वाढत एक दिवस बरोबर आपल्या छत्रीच्या तोंडासमोर आला आणि सगळी चॅनेलं गेली. चाळीतले लोक बिल्डरला शिव्या घालत बसले. तुम्ही दोन दिवस गच्चीवर नुसते फिरत होतात, आकाशात बोट दाखवत, डोळा मिचकावत. मग छत्री उचलून पाण्याच्या टाकीमागे नेलीत. गणपती नेतात तशी, पुढे तुम्ही, मागे मी, आणि बेबीताई बाजूला "सांभाळून, सांभाळून" करत. तिथे टॉवर आणि टाकी यांच्यामधे आकाशाची एक चीर उरली होती. तीत लाईन लागली. तुम्ही बोललात, "आख्खा आकाश घेतल्यानी, पण कोपरो इसारले."

मी हे वाक्य स्टेजवर वापरलंय. टाळ्या मिळाल्या. तुम्हाला सांगायचं राहिलं.

आणि ते दक्षिणेकडचं चॅनेल आठवतं? भाषा कुठली ते आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. फुकटात आलं होतं म्हणून तुम्ही ते लावायचात. "मेला एवढा खर्च करून पिक्चर बनवलानी, कोणीतरी बघूक नको?" मग आवाज बंद करायचा आणि मी सगळ्यांचे डायलॉग मारायचे, मालवणीत. मिशीवाला हिरो डोळे लाल करून व्हिलनची कॉलर धरायचा, आणि मी बोलायचो, "माझे बांगडे खंय ठेवलंस?" व्हिलन हात जोडायचा, "मांजरान खाल्ल्यान!" हिरोईन रडत धावत यायची, "माका वाटला तुम्ही शाकाहारी झालात!" बेबीताईचा लसूण सगळा खाली. काकी पदर तोंडात. आणि तुम्ही मधेच गंभीर होऊन मला सूचना करायचात, "दिगू, व्हिलनाक येवडो मारू नको. तो पण कोणाच्या तरी आयशीचो झील हा."

एक गोष्ट मी तेव्हाच बघून ठेवली होती, बोललो नाही. तुमचं स्टूल टीव्हीच्या बाजूला असायचं, तोंड आमच्याकडे करून. तिथनं तुम्हाला पडद्याचा एक कोपरा दिसत असेल, नसेल. सगळे हसले की तुम्ही हसायचात, आणि पिक्चर संपल्यावर काकीला विचारायचात, "शेवटाक काय झाला?" चाळीतला सगळ्यात मोठा टीव्हीवेडा माणूस म्हणून तुमचं नाव, आणि टीव्ही बघताना मी तुम्हाला कधी बघितलंच नाही.

फुकटच्या छत्रीत चॅनेलं येतात जातात. आज आहे ते उद्या नसतं. दुसरा कोणी असता तर चिडला असता. तुम्ही रिमोट घेऊन नव्याने शोधायला बसायचात आणि जे सापडेल त्याचं कौतुक. गाण्याचं गेलं तर भजनाचं आलं, भजनाचं गेलं तर कुस्तीचं आलं. बेबीताईने कुरकुर केली की बोलायचात, "गेली ती गेली. इली ती बघ, ती पण बिचारी बऱ्याच लांबसून इलीहा." पाहुण्यासारखं वागवायचात चॅनेलांना. हे मला जमत नाही हां काका. माझा एक शो कॅन्सल झाला तर मी आठवडाभर तोंड पाडून बसतो. तुमची आख्खी मिल कॅन्सल झाली होती, आणि त्याबद्दल मी तुमच्याकडून ऐकलं ते एवढंच, की तिथे आवाज फार होता.

हां, आता भांडण.

गेल्या गणपतीत आपल्या गल्लीच्या मंडळात मी स्टेजवर होतो. लोकांनी फर्माईश केली म्हणून मी गुरवभाऊंचा आवाज काढला. वर्षानुवर्षं माईकवर हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारे आपले गुरवभाऊ, आदल्याच वर्षी वारलेले. "निळा शर्ट, पायात चप्पल नाही, नाव विचारलं तर सांगत नाही…" आख्खी गल्ली शिट्ट्या मारत होती. गुरवभाऊंची सून डोळे पुसत हसत होती. आणि तुम्ही उठून निघून गेलात.

मी जेवायला आलो तर ताट होतं, पण तुम्ही बोलत नव्हतात. मग बोललात ते हे, आणि मला शब्द न् शब्द आठवतंय, कारण आवाज पण आठवतोय. "नक्कल करूची ती ज्याका उलट थोबाडीत मारूक येता त्याची. मेलेलो येवन सांगतलो काय, मी असो बोलत नव्हतंय म्हणान?"

मी बोललो, "काका, त्यांच्या सुनेला किती बरं वाटलं बघितलंत ना?"

"तिका बरा वाटला. त्याका काय वाटला?"

"त्यांना काय वाटणार? ते नाहीत ना!"

"म्हणानच," तुम्ही बोललात आणि पाणी प्यायलात, जसं काही केस जिंकलीच.

मी हरलो नव्हतो. मला अजून बोलायचं होतं, की आवाज माणसाचा एकट्याचा नसतो, ऐकणाऱ्याचा पण अर्धा असतो, आणि ऐकणारा जिवंत असेल तर त्याचा वाटा त्याला मिळायला हवा. हे मला नंतर सुचलं. भांडणात सुचतं ते नेहमी जिना उतरताना. मग तुम्ही दुसऱ्या दिवशी नॉर्मल, मी पण नॉर्मल, विषय राहिला तो राहिलाच.

आता काकी तिचा वाटा मागतेय आणि तुम्हाला थोबाडीत मारता येत नाही. बघा म्हणजे किती अवघड जागी आणून ठेवलंयत मला.

तिच्या रुसव्याचं पण सांगून टाकतो, कारण त्यात मी काकीच्या बाजूने होतो. तिची ती सासूची सिरीयल. सगळ्या जगावर रागावलेली सासू आणि सगळं ऐकून घेणारी सून. काकी ती एक दिवस चुकवायची नाही. आणि ते चॅनेल फुकटच्या छत्रीतून गेलं, बरोबर लग्न मोडायला आलं असताना. काकी दोन दिवस जेवली नाही नीट. महेश पनवेलहून आला आणि बोलला, "आई, मी माझा मोठा टीव्ही देतो, इंटरनेट लावून देतो, वाटेल तेव्हा वाटेल ते बघ." पोरगा तुमचा चांगला आहे काका, मनापासून बोलत होता. काकीचे डोळे केवढे झाले. आणि तुम्ही बोललात, "ठेव तुझ्याकडेच. तो टीव्ही म्हणजे ज्याचा त्याने बघूचा. हय ताट एकच आसता."

काकी बोलली, "तुमचा ताट, आणि माझी सिरीयल उपाशी!"

मी पण बोललो, काका, एवढं काय, माणसं येतातच ना, मोठ्या टीव्हीवर पण येतील. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं मी टॉवरचा बिल्डर.

पण मग तुम्ही काय केलंत? काकीला एक अक्षर न बोलता रोज गच्चीवर जायला लागलात. छत्री बोटभर इकडे, बोटभर तिकडे. गेलेलं चॅनेल शोधायला! मी तुम्हाला टाकीमागे गाठून समजावलं.

"काका, ते आता पैसेवाले झाले. छत्री फिरवून येत नाहीत."

"हवेत तर आसत ना?"

"हवेत आहेत, पण कुलूप लावलंय."

"कुलपाक फट आसतली," तुम्ही बोललात आणि फिरवत राहिलात.

ही असली चूक आपल्या चाळीतच होऊ शकते. बाहेरचा माणूस हसेल. मी पण हसलो होतो, खाली येऊन तुमच्या आवाजात पोरांना "कुलपाक फट आसतली" करून दाखवलं होतं, आणि पोरं लोळली होती. पण आज विचार करतो तेव्हा वाटतं, बायकोचा रुसवा काढायला तुम्ही आख्खं आकाश चाचपडत होतात, बोटाबोटाने. माझं लग्न झालेलं नाही. झालं तर मला हे जमेल का, माहीत नाही. मी फार तर गजरा आणेन.

त्या रविवारी मी महाडला शोला गेलो होतो. जिन्यात कोणी नव्हतं. टॉवरचं काम बंद, त्यामुळे तुमचा आवाज सरळ खाली पोचला. काकी बोलते, तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा चित्र एकदम स्वच्छ होतं. सगळी चॅनेलं लागली होती, फक्त तिचं नव्हतं. तिला कळत होतं की तुम्ही तिच्या चॅनेलबद्दल विचारताय. आणि तिला "नाय" बोलायचं नव्हतं, "इली" पण बोलायचं नव्हतं. मग उत्तर नाही म्हणून तुम्ही छत्री अजून फिरवलीत आणि होतं ते पण गेलं. तेव्हापासून ती निळी पाटी.

बस, एवढंच आहे. आता तुम्ही सांगा, जाऊ वर?

*

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. तुम्ही काही सांगितलं नाहीत. म्हणून आज दुकानाला सुट्टी टाकली आणि गेलो.

बेबीताईला जिन्यात उभं केलं, माझ्या जागेवर. ती बोलली, "मला आवाजबिवाज काढता येत नाही हां. मी आपली माझ्याच आवाजात सांगेन." टाकीमागे गेलो. तुमची छत्री तशीच. पायावर तो जांभ्याचा चिरा, जो तुम्ही गावाहून एसटीतून मांडीवर घेऊन आणला होतात, मुंबईत दगड मिळत नाही असं समजून. वायर लेंग्याच्या नाडीने बांधलेली. नाडीची गाठ बघून मला पहिल्यांदा रडू आलं. स्मशानात आलं नव्हतं. गाठ अशी होती, की परत सोडायची आहे अशा बेताने मारलेली.

छत्री थोडी फिरवली. आणि मी पळवाट काढली. माझ्याच आवाजात ओरडलो, "काकी, आली काय?"

खालनं मग बेबीताई, "काकी विचारते, हा कोण ओरडतोय?"

मी कठड्याशी उभा राहिलो. खरं सांगतो, डावा गाल जरा पुढे केला. मारायची असेल तर आत्ताच मारा, नंतर बोलू नका. कुणी मारली नाही. छाती भरून घेतली आणि ओरडलो.

"इली काय गो?"

काका, चाळ थांबली. कुणाकडे कुकर होता, कुणाकडे कपडे आपटत होते, सगळं एकदम बंद. दुसऱ्या माळ्यावर एक बादली हातात तशीच धरलेली मला वरनं दिसत होती. मग बेबीताईचं उत्तर आलं, घसा खाकरून, "नाय म्हणतेय."

बोटभर फिरवली. "इली काय गो?"

"अजून नाय म्हणतेय."

परत फिरवली. परत विचारलं. परत नाय. म्हटलं, छत्रीच बिघडली की काय. तेवढ्यात बेबीताईच वर आली, धापा टाकत, कमरेवर हात.

"दिगू, चित्र केव्हाच आलंय रे. स्वच्छ. आरशासारखं."

"मग नाय काय बोलतेय?"

"तिची सिरीयल कुठे आलीय?"

"अहो ती कशी येणार? तिला माहितीये ना ते!"

"माहितीये," बेबीताई बोलली. पदराने चष्मा पुसायला लागली. "तिला सगळं माहितीये. तू विचार. फिरवू नको आता. नुसतं विचार."

ती खाली गेली. मी छत्रीवर हात ठेवला, न हलवता, आणि विचारत राहिलो. "इली काय गो?" "नाय!" किती वेळा ते मोजलं नाही. एका वेळी आवाज इतका तुमचा लागला की ओरडून झाल्यावर ती तुमची खोकल्याची बारीक उबळ पण आपोआप आली. मी काढली नव्हती. मला वाटलं, खाली ती हेच ऐकायला मला ओरडायला लावतेय, "नाय" बोलली की अजून एकदा मिळतो तुमचा आवाज. आणि काकीचा हिशोब बरोबर होता. त्या दिवशी तिने तुमच्या एकाही हाकेला ओ दिली नव्हती. आज प्रत्येक हाकेला देत होती.

मग माझा घसा बसत आला. पुढची हाक अर्धी फाटली. आणि त्यानंतर खालनं बेबीताईचा आवाज आला नाही. मी कठड्यावरून वाकलो. काकी स्वतः गॅलरीत आली होती. एक हात कठड्यावर, मान वर, आणि उन्हामुळे डोळे बारीक केलेले, त्यामुळे तिला मी दिसत होतो की फक्त कुणीतरी एक काळं डोकं दिसत होतं, देव जाणे. ज्या बाईचा आवाज गच्चीपर्यंत पोचत नाही असं ती सांगायची, ती समोरच्या टॉवरने ऐकावं अशी ओरडली.

"इली ओ! माझीच इली! हात काढा आता, आणि खाली येवा!"

मी हात काढला.

आपलं भांडण मिटलं काय? अर्धं मिटलं म्हणू. माझ्या आवाजाने काकीला तिचा वाटा मिळाला, तो पॉइंट माझा. पण तुमचा आवाज मी आता कुठल्या स्टेजवर काढणार नाही, कितीही शिट्ट्या मारल्या तरी. तो पॉइंट तुमचा. दुपारपासून पोरं "कुलपाक फट" कर म्हणून मागे लागलीत, मी बोललो घसा बसलाय. खरंच बसलाय.

आणि काकी खोटं बोलली तुमच्याशी, हे पण सांगून टाकतो. मी खाली उतरलो तेव्हा दार उघडं होतं आणि बेबीताई आत बसली होती. टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम लागला होता. एक साहेब वांगं आडवं कापून आतली कीड दाखवत होते. चित्र मात्र काय सुरेख, काका, कीड वळवळताना दिसत होती. काकी सासूच्या सिरीयलीला बसायची तशीच बसली होती, भिंतीला टेकून, एक पाय पुढे करून, नाक लाल.

बेबीताईने तिच्याकडे बघितलं, मग वांग्याकडे बघितलं.

"काय गो, कुठवर आलीय तुझी सिरीयल?"

काकी नजर न काढता बोलली, "सासू सुधारली."